पंगतीतलं रिकामं पान

मेहकर,
२१ जानेवारी १९६५

श्री. तुळशीराम अवसरमोल, कप्तान, जिनिंग संघ, खामगाव यांना मेहकरच्या बालवीर मंडळाचा कप्तान हिंमतराव रहाटे याचा नमस्कार.

कागद छापील आहे आणि खाली शिक्काही मारला आहे, म्हणून दचकू नका. मंडळानं ठराव केला की कप्तानानं पत्र लिहावं, आणि ठराव झाला की शिक्का आलाच. सहा वर्षं आपण दर जानेवारीत एकमेकांच्या तंगड्या धरतो आहोत, पण पत्र हे पहिलंच.

सतरा तारखेचा खामगावातला कबड्डीचा अंतिम सामना आमच्या गावात अजून संपलेला नाही. पारावर, हाटेलात, केशकर्तनालयात रोज पुन्हा खेळला जातो, आणि दर वेळी माझी शेवटची चढाई हातभर लांब होते. एकवीस-एकवीस गुण, वेळ संपत आलेली. मी तुमच्या अंगणात शिरलो, तुमच्यावर पाय टाकला, तुम्ही मागे उडी घेतली, मी दम न सोडता मधली रेषा गाठली. पंच पुंजाजी गुरुजींनी शिट्टी वाजवली ती वेळ संपल्याची. गुण कुणालाच नाही. लोक धोतरं झटकून उठायला लागले होते. तेवढ्यात तुम्ही हात वर केलात, "लागलं" म्हणालात आणि चालत मैदानाबाहेर गेलात. खेळाडू स्वतःच कबूल करतो म्हटल्यावर गुरुजी काय करणार? गुण आम्हाला, शील्ड आम्हाला.

मेहकरला शील्ड आली ती पहिल्यांदाच. बसस्टँडपासून बालाजीच्या देवळापर्यंत डफडं वाजवत मिरवणूक निघाली. आमचे वडील पंजाबराव, जे माझ्या लग्नातही हसले नव्हते, ते ओसरीवर खिळा ठोकायला स्वतः स्टुलावर चढले.

तर ठराव असा : आपण जो मोठेपणा दाखविला त्याचे उपकार मंडळ विसरणार नाही. त्याची योग्य ती बूज राखण्याचे मंडळाने ठरविले आहे. तरी आपण सवडीने मेहकरला येऊन स्वीकार करावा. ही भाषा आमच्या चिटणीसाची आहे. साध्या भाषेत सांगायचं तर शेला, नारळ आणि आमच्या हातचं मटण.

त्या दिवशी संध्याकाळी पंगतीला थांबता आलं नाही, त्याबद्दल राग नसावा. पोट एकाएकी बिघडलं होतं.

आपला,
हिंमतराव रहाटे


खामगाव,
२५ जानेवारी १९६५

हिंमतराव, तुम्हाला आणि तुमच्या शिक्क्याला जयभीम.

पत्र मिळालं. जिनिंगच्या चाळीत राहणाऱ्यांचं टपाल कचेरीतूनच येतं. तुमचा लखोटा आला तो फोडलेला होता. कारकून म्हणाला, "कंपनीचा वाटला." शिक्का पाहून तसंच वाटणार.

मोठेपणा वगैरे चिटणीसाला परत करा. आम्ही सुलतानपूरची पोरं खळ्यावर खेळायचो. पंच कुठून आणणार? माझी आई जनकाबाई बाजूला पेंढ्या बांधत असायची. तिला खेळातलं काही कळत नव्हतं, पण कोण खोटं बोलतो ते बरोबर कळायचं. "लागलं असंन तं हात वर कर, न्हाई तं घरी चाल," एवढाच तिचा नियम. त्यामुळे पायाला काही लागलं की माझा हात आपोआप वर जातो. त्यात विचार करायला वेळच नसतो. विचार केला असता तर कदाचित गेलाही नसता, कारण मॅनेजरसाहेबांनी सामन्याआधी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "शील्ड आली तं तुळशीराम कायम."

तुम्ही शेतीवाडीचे माणूस, तुम्हाला या शब्दाची किंमत सांगायला हवी. आमच्या संघात सातही जण कबड्डीमुळे कामाला लागलेले. पण हंगामी. कापूस संपला की होळीला घरी, पुन्हा दिवाळीला या. कायम म्हणजे बारा महिने, आणि चाळीत एक खोली आपली. आईला सुलतानपूरहून आणायची म्हणून मी खोलीला चुनासुद्धा काढून ठेवला होता. असो. सध्या साहेब माझ्याशी बोलत नाहीत, पण तेही माणूस आहेत, बोलतील. पुढच्या वर्षी शील्ड घेऊच. तुमच्या वडिलांना म्हणावं, खिळा फार खोल ठोकू नका.

एक गंमत वाटली. दर वर्षी तुम्ही आमच्या मैदानाला नावं ठेवता. पाणी मारत नाही, रोलर फिरवत नाही, नुसती ढेकळं आहेत म्हणता. यंदा पत्रात त्यावर अवाक्षर नाही. जिंकलेल्या माणसाला मैदान गुळगुळीत लागत असेल.

आता पोटाचं. इथला रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. सामना झाला की दोन्ही संघ एकाच पंगतीला, एक तुमचा, एक आमचा, आणि कप्तानाशेजारी कप्तान. माझ्या शेजारचं पान शेवटपर्यंत रिकामं राहिलं. त्याच्यावर वाढलेली बुंदी तशीच राहिली. आणि आमच्या संघातला भाऊराव म्हणतो, त्याच वेळी तुम्ही बसस्टँडवर उभ्यानं भजी खात होता.

मी तुम्हाला गेली सहा वर्षं पाहतो आहे. मैदानात तुम्ही माझी कंबर धरता, मान धरता, तोंडात माती जाईपर्यंत दाबता. तिथं काही आड येत नाही. पानावर बसायची वेळ आली तेव्हाच पोट बिघडलं, एवढंच माझ्या लक्षात राहिलं. मनात ठेवून पुढच्या वर्षी तुमची तंगडी धरण्यापेक्षा लिहून टाकलेलं बरं. शेला-नारळ राहू द्या.

तुळशीराम अवसरमोल


मेहकर,
३० जानेवारी १९६५

तुळशीराम यांस,

तुमचा भाऊराव लोकांची भजी मोजत फिरतो का? खाल्ली भजी. बिघडलेल्या पोटात माणूस काहीही घालतो. तुम्ही त्याचा भलताच अर्थ काढलात आणि वर तो लिहूनही पाठवलात. मला राग आला आहे. दोन दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो, म्हणजे किती आला असेल बघा.

माझ्यासारखा गडी या तालुक्यात दुसरा नाही हे मी सांगायला नको. चढाईत मी चौघांना घेऊन रेषेवर आलेलो आहे. मला कुणाच्या शेजारी बसायला भीती वाटत नाही.

मंडळात फोटोची तयारी चालू आहे. मध्ये शील्ड, मागे मी.

जाता जाता एक सहज विचारतो. त्या शेवटच्या चढाईत तुम्हाला नेमकं कुठं लागलं होतं? घोट्याला, पावलाला की नडगीला? आणि कसं लागलं, बोटासारखं की आणखी कसं? इथं पारावर वाद चालू आहे म्हणून विचारलं. उत्तर नाही दिलं तरी चालेल. पण द्या.

हिंमतराव


खामगाव,
६ फेब्रुवारी १९६५

हिंमतराव,

डाव्या नडगीला. घोट्याच्या वर चार बोटं. टणकन लागलं, अंगठ्याचं नख लागावं तसं. पारावर सांगा आणि वाद मिटवा.

आता माझ्याकडचा वाद ऐका. हा पारावरचा नाही.

परवा मला कचेरीत बोलावलं. टेबलावर तुमच्या पहिल्या पत्राची नक्कल. कारकुनानं लखोटा चुकून फोडला नव्हता, आणि फोडल्यावर नक्कलही करून ठेवली होती. साहेबांनी 'उपकार', 'योग्य ती बूज' आणि 'येऊन स्वीकार करावा' या तीन जागी तांबडी रेघ मारली होती. मला म्हणाले, "हे बूज काय असते बे? किती घेतले?"

मी म्हटलं, "साहेब, शेला अन् नारळ."

"नारळासाठी कोनी शील्ड देते काय? तू सुलतानपूरचा. म्हंजे तालुका मेहकरच न्? आपल्या गाववाल्याइले जितवून देल्लं तुवं. पंचानं बादची शिट्टी नाई वाजवली, कोनी काई म्हनलं नाई, अन् हा आपल्या पायानं बाहेर जाऊन राह्यला!"

मी सांगितलं, "मले लागलं, म्हून हात वर केला." ते हसले. सगळी कचेरी हसली. माझं बोलणं कुणी खोटं ठरवलं असतं तर मी भांडलो असतो. हसल्यावर काय करायचं ते मला कळलं नाही.

संघातून नाव काढलं आहे. गाठी बांधायच्या प्रेसवरून मला कापसाच्या गंजीवर टाकलं. रविवारी, एकवीस तारखेला, चौकशी आहे. स्पर्धेच्या समितीचे दोन लोक आणि पुंजाजी गुरुजी येणार आहेत. तिथं मी विकलो गेलो असं ठरलं तर कामावरून जाईनच, पण जिल्ह्यात कुठल्याही मैदानावर उभा राहू शकणार नाही. काम मी दुसरं बघेन, माझ्या हातात जोर आहे. पण 'पैसे खाऊन बाहेर गेलेला तुळशीराम' हे नाव घेऊन मी आईसमोर कसा जाऊ?

माझ्याच संघातले लोक आता माझ्याशेजारी जेवायला बसत नाहीत. पानं रिकामी ठेवायची फॅशनच आली आहे.

एक मागतो. पंगतीचं मी लिहिलं ते बाजूला ठेवा. तुम्ही फक्त एक ओळ लिहून द्या : माझा पाय तुळशीरामाला लागला होता. शिक्का नको. सही पुरे. चढाई तुमची होती, पाय तुमचा होता, तुमच्याइतकं ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही.

तुळशीराम


मेहकर,
१० फेब्रुवारी १९६५

तुळशीराम,

ती ओळ मी चार वेळा लिहिली आणि चार वेळा चुलीत घातली.

माझा पाय तुम्हाला लागला नव्हता.

आता शांतपणे वाचा, कारण हे मी अजून घरातही बोललेलो नाही. मी पाय टाकला तेव्हा तुम्ही अशी काही मागे उडी घेतलीत की माझा अंगठा तुमच्यापासून चांगला वीतभर अलीकडे जमिनीत घुसला. तिथं एक ढेकूळ होतं. ते उडालं आणि तुमच्या नडगीवर बसलं. मी पाहिलं. मी रेषेकडे वळलो तेव्हा मनात म्हणत होतो, गेली शील्ड, बरोबरी झाली. आणि मागे वळून बघतो तर तुम्ही हात वर करून चाललेले.

त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण आमच्या पोरांनी मला खांद्यावर घेतलं होतं, आणि खांद्यावर बसलेल्या माणसाला खाली उतरवा म्हणणं फार जड जातं. मग हार आले. मग फार उशीर झाला असं मी स्वतःला सांगितलं. तो पाच मिनिटांचाच उशीर होता.

पंगतीला म्हणून आलो नाही. हात धुऊन आत येत होतो. तुम्ही बसलेले दिसलात, शेजारी माझं पान मांडलेलं. तुम्ही माझ्या पानावर माशी बसू नये म्हणून हातानं वारा घालत होता. मला तुमच्या शेजारी बसून बुंदी गिळता आली नसती. बसस्टँडवर गेलो आणि भजी घेतली, तीही कुत्र्याला टाकली. हे तुमच्या भाऊरावला दिसलेलं नाही.

तुम्ही मनात काय आणलंत ते मला कळलं, आणि ते तुम्ही उगीच आणलं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आमच्या घरी गड्यांसाठी पाण्याचा वेगळा गडू अजून आहे. मी तो फेकलेला नाही, त्यावर कधी बोललोही नाही. पण त्या संध्याकाळी ते कारण नव्हतं. माझं पान मी माझ्याच लाजेनं रिकामं ठेवलं.

म्हणूनच विचारलं होतं कुठं लागलं. मनात होतं की तुम्ही पाऊल म्हणाल, घोटा म्हणाल, आणि कोण जाणे, मलाच न कळता बोट लागलं असेल. तुम्ही लिहिलंत टणकन. माणसाचा अंगठा टणकन लागत नाही.

आता पेच असा आहे. खोटं लिहिलं तर तुम्ही सुटता आणि शील्डही माझ्या खिळ्यावर राहते. दोघांचंही भलं. खरं लिहिलं तर शील्ड जाते, ते मी सोसेन. पण तुमचे साहेब म्हणतील, पाय लागलाच नव्हता तर हा बाहेर का गेला? म्हणजे विकलेलाच. माझ्या खऱ्यानं तुमचा गळा कापला जाईल. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाला तरी विचारावंसं वाटतं आहे. सांगा, काय लिहू? तुम्ही म्हणाल ते लिहितो.

हिंमतराव


खामगाव,
१३ फेब्रुवारी १९६५

हिंमतराव,

चोवीस दिवस. मोजले मी. सामना संपल्यापासून तुम्ही खरं लिहीपर्यंत. आणि गेले आठ दिवस मी गंजीवर उभा राहून सगळ्यांची तोंडं पाहिली आहेत.

वाचून आधी इतका राग आला की पत्र फाडणार होतो. मग ढेकळाचं आठवलं आणि एकटाच हसत सुटलो. सहा वर्षं तुम्ही सांगत होता की मैदानात ढेकळं आहेत. समितीनं ऐकलं असतं तर हे काहीच झालं नसतं.

काय लिहू म्हणून विचारता. मला खोटा कागद नको. मी ढेकळाला पाय समजलो, ती माझी चूक, पण खरी चूक. त्या चुकीवर तुमच्या सहीचं खोटं चिकटवलं तर मी हात वर केला त्यात काय राहिलं? आईनं विचारलं तर तिला कागद दाखवायचा, आणि तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं की ती ओळखणार.

आणि खरंही लिहू नका, कारण तुम्ही म्हणता तेच होईल. तेव्हा काहीच लिहू नका. शील्ड खिळ्यावर असू द्या, फोटो काढा. माझं मी बघतो. एकवीसला मी एवढंच सांगणार, लागलं असं वाटलं म्हणून गेलो. हसायचं असेल तर हसोत.

एका गोष्टीचं मात्र बरं वाटलं. पंगतीचं कारण वेगळं निघालं. गडूचं तुम्ही न विचारता लिहिलंत, तेही ध्यानात ठेवलं आहे.

तुळशीराम


खामगाव,
२४ फेब्रुवारी १९६५

हिंमतराव,

काहीही करू नका असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. तुम्ही माझं कधी ऐकलंय? मैदानात तरी ऐकलंय का?

रविवारी मला बाहेर वजनकाट्याजवळ बसवलं होतं. बघतो तर फाटकातून तुम्ही, कोशा फेटा, आणि खांद्यावर सरकीचं पोतं. मला वाटलं, हा माणूस इथं पोतं घेऊन काय विकायला आला! तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ आत गेलात. मग आतून काहीतरी टेबलावर आपटल्याचा आवाज आला, आणि पोत्यात काय होतं ते मला कळलं.

बाहेर आलात तेही पळतच. "बस हाये," एवढंच म्हणालात. तुम्ही आत काय बोललात ते मला पुंजाजी गुरुजींकडून कळलं. त्यांना ते पाठच झालं आहे. आता कुणीही भेटलं की उभं राहून करून दाखवतात.

म्हणे तुम्ही आधी सांगितलं, "माझा पाय याले लागला नाई. मी पायलं, अन् मी चूप बसलो. चोरी झाली असंन तं ते माही हाय."

साहेब खूश झाले. म्हणाले, "झालं! लागलाच नाई तं हा बाहेर काऊन गेला? विकल्या गेलता म्हून!"

आणि तुम्ही म्हणालात, "साहेब, तुमी कबड्डी खेळले काय कधी? जो मानूस विकल्या जाते त्याले उडी माराची काय गरज? त्यानं नुसतं उभं राहाचं. मी पाय टाकतो, पाय लागते, पंच शिट्टी वाजवते, कोनाले शक बी येत नाई. यानं अशी उडी मारली का माहा पाय वीतभर कमी पडला. माह्यापासून वाचाले जीव तोडून उडी माराची, अन् मंग माह्यासाठीच बाहेर जाचं? असा येडा सौदा मेहकरात तं कोनी करत नाई. खामगावात करत असतीन तं सांगा."

मग गुरुजी स्वतः उठले. म्हणाले, मीही ते अंतर पाहिलं होतं, म्हणूनच माझी बादची शिट्टी वाजली नाही. पण खेळाडू स्वतः सांगतो म्हणून माझ्या डोळ्यापेक्षा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा ठेवीन.

हिंमतराव, मी आठ दिवस याच गोष्टीवर डोकं आपटत होतो. खरं सांगितलं तर मी बुडेन असं आपण दोघांनीही धरून चाललो. माझ्या उडीचा विचार ना मला सुचला ना त्या पत्रात तुम्हाला. बसमध्ये सुचला का?

मग मला आत बोलावलं. साहेबांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक झाली. लखोटा फोडाले नाई पायजे होता." तसा माणूस वाईट नाही. गंजीवरून मी पुन्हा प्रेसवर आहे. मग टेबलावरच्या शील्डवर हात ठेवून ते म्हणाले, "आता हे आपलीच झाली. तू कायम."

मला किती वाईट मोह झाला ते लिहायला लाज वाटत नाही. चुन्याची खोली डोळ्यापुढं आली. पण मी म्हटलं, "साहेब, सामना बरोबरीत होता. पोत्यातून आलेली शील्ड मले नाई पायजे. खेळून घेऊ." गुरुजींनी टेबलावर थाप मारली. समितीनं ठरवलं, फेरसामना, आणि तो मेहकरच्या मैदानावर, कारण शील्ड तिथून आली. रविवार, चौदा मार्च.

आणि कायमचं? साहेबांनी शील्डवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "शील्ड येवो का न येवो. जो मानूस आपल्याच विरुद्ध खरं बोलते, त्याच्या हाती गोदामाची किल्ली द्याले मले भेव नाई." पहिल्या मार्चपासून मी गोदामावर कायम. काल सुलतानपूरला गेलो होतो. आईला सगळं सांगितलं, ढेकळासकट. ती म्हणाली, "मंग हात वर केला ते बरं केलं. आता डोये बी उघडे ठेवत जाय." पुढच्या आठवड्यात ती खामगावला येते आहे.

शील्ड सध्या समितीकडं आहे. तुमच्या वडिलांच्या खिळ्याचं काय झालं?

तुळशीराम


मेहकर,
११ मार्च १९६५

तुळशीराम,

आधी एक विचारतो. आता तू म्हणू का? आणि तूही मला तूच म्हण. दोन्हीकडून तू असेल तरच, एकीकडून नको. एकीकडून तू म्हणायची आमच्या घराला फार जुनी सवय आहे, ती मला तुझ्याबाबतीत लावायची नाही.

उडीचं बसमध्येच सुचलं. जानेफळच्या पुढं. तोपर्यंत मी फक्त शील्ड टेबलावर ठेवायची आणि खरं बोलून मोकळं व्हायचं एवढंच ठरवून निघालो होतो, आणि तुझं काय होईल या विचारानं पोट खरोखरच बिघडलं होतं. मग डोळे मिटून ती चढाई पुन्हा खेळली. पारावर खेळतात तशी नाही, झाली तशी. तेव्हा तुझी उडी दिसली. माझा पाय इतका कमी पडला याची मला पहिल्यांदाच फुशारकी वाटली.

इथं मात्र शिमगा लवकर आला. मी परतलो तर ओसरीवर मंडळाचे सगळे बसलेले. चिटणीस म्हणाला, "गावाची इज्जत पोत्यात घालून नेली तुमी!" चार दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. फोटोवाल्याला परत पाठवलं. वडील त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत बसायचे. मी त्यांना घडलं ते सगळं सांगितलं, खांद्यावर बसून गप्प राहिलो तेही. त्यांनी खूप वेळ पान कुटलं. मग म्हणाले, "खिया राहू दे. खेळून आन." मला एवढं पुरलं.

आता पोरं रोज पहाटे मैदानात आहेत. परवा चिटणीसानंच फेरसामन्याची पत्रकं छापून आणली आणि त्यावर शिक्का मारला. तेव्हा समजलो की गाडी रुळावर आली.

पंगत आमच्या घरी आहे, ओसरीवर. रिवाज खामगावचाच, एक तुमचा, एक आमचा. माझ्या बायकोनं, शालूनं, त्या गडूतून परवा म्हशीला आंबोण कालवलं. वडिलांनी विचारलं, "हा गडू इथं काऊन?" ती म्हणाली, "आता याचं दुसरं काई काम नाई राह्यलं." ते काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणजे काय, हे तू त्यांना ओळखत असतास तर तुला कळलं असतं. आणि हे काम शालूनं केलं, मी नाही, हेही लिहून ठेवतो.

जनकाबाईंना घेऊन ये. शालूनं त्यांच्यासाठी पुढची जागा धरून ठेवली आहे. पंच गुरुजी आहेतच, पण खोटं कोण बोलतो ते बघायला त्या बसलेल्या बऱ्या.

एक स्पष्ट सांगतो. मी तुला सोडणार नाही. शील्ड मला हवी आहे, आणि या खेपेला मी चढाईला आलो की तुझी उडीही कमी पडेल. आम्ही जिंकणार यात मला शंका नाही. तुलाही तुमच्याबद्दल नसेल, नाहीतर मजा काय.

पण निकाल काहीही लागो, सामना झाला की तू हातपाय धू आणि ओसरीवर ये. तुझ्याआधी मी बसलेलो असेन, आणि तुझ्या पानावरची माशी मी हाकलत असेन.

आणि मैदानाची काळजी करू नकोस. तीन दिवस पाणी मारलं, रोलर फिरवला. काल संध्याकाळी पोरं घरी गेल्यावर मी एकटा गुडघ्यावर बसून या रेषेपासून त्या रेषेपर्यंत गेलो आणि राहिलेलं एकेक ढेकूळ हातानं फोडलं. आता तुला जे लागेल, तो माझाच पाय असेल.

तुझा,
हिंमत